कासिल्दाबाईंचा वाईट कोपरा

कासिल्दा तारके यांच्या शेतात सगळ्यात जास्त निगा असायची ती सगळ्यात वाईट तुकड्याची. यावरून आमच्या खोऱ्यात चाळीस वर्षं हसू झालं, पण बाईंनी ते एकदाही मनावर घेतलं नाही.

मी ल्युता नदीच्या वरच्या पाटावर पाटकरी आहे. एकतीस वर्षं झाली. मोलिनोस गावापासून खालची चौदा शेतं माझ्याकडे. कुणाची पाळी कधी, कुणाच्या दाराची फळी कुजली आहे, कोण आपली पाळी संपल्यावर पाऊण तास फळी टाकायला विसरतो, सगळं मला तोंडपाठ आहे. आमची नदी खारी. उगमापासूनच खारी, त्यात कुणाचा दोष नाही. या पाण्यावर मका येतो, लसूणघास येतो, बीट येतं. ज्याला टोमॅटोची हौस आहे त्यानं शेजारच्या अझापा खोऱ्यात सोयरीक करावी, तिथलं पाणी गोडं आहे. इथे पाणी दिलं की ऊन पाणी पिऊन टाकतं आणि मीठ मागे ठेवतं. म्हणून फेब्रुवारीत, वर पठारावर पाऊस होऊन नदी तांबडी, फुगलेली आणि त्यातल्या त्यात कमी खारी येते तेव्हा जो तो आपली जमीन धुऊन घेतो. बांध घालायचा, गुडघाभर पाणी कोंडायचं, ते मुरू द्यायचं आणि मीठ खाली निचऱ्याच्या चरात उतरवायचं. हे ज्याला साधलं त्याचा मका उभा राहतो.

तरी प्रत्येकाच्या शेतात एखादा कोपरा असा असतोच, की तो कितीही धुवा, महिन्याभरात पुन्हा पांढरा. खाली कडक चिकण थर असतो, पाणी मुरतच नाही. लोक तो सोडून देतात. तिथे शेळ्या बांधतात, धाटं रचतात, बंद पडलेली गाडी उभी करतात. माझ्या पट्ट्यात तर नदीकडच्या बाजूला पाव एकर असाच पडून आहे आणि त्यावर माझ्या मेव्हण्याच्या ट्रकची बॉडी आहे.

कासिल्दाबाई मात्र चांगला मका पेरून झाला की शेवटी त्या कोपऱ्यात उतरायच्या. एकेक दाणा बोटाने टोचायच्या. तिथे दहा दाण्यांतले तीन उगवायचे. उगवलेल्यांची पानं कडेने करपायची, ताटं कमरेच्या वर जायची नाहीत, आणि कणसं धरलीच तर वीतभराची. जानेवारीत सगळं खोरं आपल्या सर्वांत जाड, सर्वांत लांब कणसांची सालं एकमेकांना बांधून स्वयंपाकघराच्या आढ्याला बियाण्यासाठी लटकवायचं, तेव्हा बाईंच्या आढ्याला ही खुरटी कणसं असायची. वर्षाचं सगळं बियाणं त्यातलंच. चांगल्या शेतातली कणसं त्या आरिका शहराच्या बाजारात विकून मोकळ्या व्हायच्या.

लोक म्हणायचे, मावशी नवरी बघायला दवाखान्यात जातात.

बाईंना हे त्यांच्या आत्यानं शिकवलं होतं. आत्याला कुणी शिकवलं ते ठाऊक नाही. समजावून सांगण्याच्या भानगडीत बाई पडायच्या नाहीत. मी एकदाच विचारलं होतं, तेव्हा म्हणाल्या, "चांगल्या जागी सगळेच चांगले वागतात." पुढे मी विचारलं नाही.

त्यांची मुलगी नेलिदा शाळेत होती तेव्हा सलग दोन वर्षं नदी आटली. पाणी कमी आणि मीठ तेवढंच, म्हणजे ते पाणी नव्हतं, मोरीतलं सांडपाणी बरं. जाडजूड कणसांच्या बियाण्याचा मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. बाईंचा उभा राहिला. फार नाही, निम्मा उतारा आला, पण आला. मग ज्यांनी ज्यांनी दवाखान्याचा विनोद केला होता ते टोपी हातात घेऊन बाईंच्या दारात आले, आणि बाईंनी प्रत्येकाला ओंजळभर बी दिलं. लोकांनी ते नेऊन आपापल्या सर्वांत चांगल्या वाफ्यात पेरलं आणि त्यातली जाड कणसं निवडली. तीन-चार वर्षांत ते बी पुन्हा इतरांसारखंच होऊन बसलं. लोक म्हणाले, म्हातारीच्या बियाण्यात काही विशेष नाही.

एवढं कळलं म्हणजे पुढचं कळेल. तो कोपरा जोवर वाईट होता तोवर ते बी टिकणार होतं. कोपरा सुधारला की बी बिघडायला चार वर्षं पुरी.

नेलिदाचा पहिला नवरा बंदरावर कामाला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. दुसरा एलिसेओ, अझापाचा. गोड्या पाण्यावर वाढलेला, हसरा, रविवारी फुटबॉल खेळणारा आणि काम दिसलं की गप्प न बसणारा माणूस. बाईंना तो आवडायचा. आवडतो असं त्या म्हणायच्या नाहीत, पण सूप वाढताना मांसाचा तुकडा कुणाच्या वाडग्यात जातो ते दिसायचंच. खोऱ्यातल्यांनी त्याला इंजिनियर असं नाव ठेवलं होतं, कारण पारदर्शक नळीत पाणी भरून तो जमिनीचा उतार मोजायचा. आमच्याकडे उतार डोळ्यांनी बघायची पद्धत आहे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या फेब्रुवारीत कासिल्दाबाई कार्निव्हलला वर आपल्या बहिणीच्या गावी गेल्या. तिथे लामा म्हणतात त्या लोकरीच्या जनावरांच्या कानात रंगीत लोकर ओवायचा सोहळा असतो, मग बहिणीचे गुडघे दुखायला लागले, असं करत त्या चार आठवडे राहिल्या. त्या चार आठवड्यांत एलिसेओनं त्यांच्यासाठी भेट तयार केली.

त्यानं कोपऱ्यात छातीएवढे तीन चर खणले. खालचा कडक थर पहारीनं फोडला. चरात खडी घातली, खडीवर भोकं पाडलेले पाईप टाकले, तोंडं खाली निचऱ्याच्या चरात काढली, वर शेळ्यांचं खत मिसळलेली माती लोटली आणि बांध घालून तांबडं पाणी कोंडलं. पाणी माझ्याकडचं. तो पाटावर येऊन म्हणाला, काका, सासूबाई येईपर्यंत चार पाळ्या जास्तीच्या मिळतील का? नदी फुगलेली होती, पाण्याला तोटा नव्हता. मी दिल्या. कोपरा त्या का राखतात हे त्याला माहीत नव्हतं. नेलिदालाही नीटसं नव्हतं. तिला ती आईची लहर वाटायची. मला माहीत होतं.

चौथ्या धुण्याला पाईपांच्या तोंडातून निघालेलं पाणी मी बोटावर घेऊन चाखलं. थुंकावंच लागलं. त्या कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं मीठ तीन पाईपांतून नदीकडे चाललं होतं. काम फार सुरेख झालं होतं यात शंका नाही.

बाई परतल्या त्या दिवशी मी त्यांच्या वरच्या दाराशी फळी बसवत होतो. एलिसेओ त्यांना हाताला धरून कोपऱ्याकडे घेऊन गेला. माती काळी, भुसभुशीत, पांढऱ्याचा ठिपका नाही. बाई वाकल्या, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याला हात दाखवायला सांगितले. तळव्यांची सालं निघाली होती. त्यांनी ते हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "जेवलास का?"

त्याला ते शाबासकीसारखं वाटलं. संध्याकाळी तो सगळ्यांना सांगत सुटला की म्हातारीला शब्दच फुटेनात.

तिसऱ्या रविवारी, भर दुपारी, माणसं जेवून आडवी झालेली आणि एलिसेओ मैदानावर असताना बाई माझ्याकडे आल्या. वरच्या शेतांचं निचऱ्याचं पाणी एका चरातून त्यांच्या बांधाला लागून खाली जातं. त्या चराच्या फळ्या माझ्या ताब्यात असतात.

"एफ्राइन, मला त्या चरातलं पाणी दे," त्या म्हणाल्या. "थोडंच. वरवर भिजेल इतकं."

मी म्हणालो, "मावशी, ते खारं पाणी दिलं तर महिन्या-दोन महिन्यांत कोपरा पांढरा होईल."

"त्यासाठीच मागतेय."

मी म्हणालो की एलिसेओला सांगून टाका, तो समजून घेईल. बाई चराकडे बघत म्हणाल्या, "पहिल्याला मी तोंडावर बोलले होते, की तुला इथलं काही कळत नाही. तो गेला. हा माझ्यासाठी गुडघे फोडून घेतो. याला काय सांगू, की तू दिलेलं मला नको?"

मी म्हणालो की दुसऱ्या कुणाच्या वाईट जागेत पेरा, माझी आहे, घ्या. त्यावर त्या म्हणाल्या की प्रत्येक जागेचा वाईटपणा वेगळा असतो आणि आपलं बी याच वाईटपणात वाढलंय. हे खरं असेल किंवा नुसता हट्ट असेल. मी फळी उचलली.

पुढची दोन वर्षं मी जे पाहिलं त्याला हसावं की काय करावं ते मला तेव्हा कळलं नाही. रविवारी दुपारी बाई पाईपांच्या तोंडात चिंध्या आणि चिखल कोंबायच्या, चरातलं पाणी कोपऱ्यावर पसरायच्या, आणि उन्हं कलायच्या आत चिंध्या काढून ठेवायच्या. ऊन आपलं काम करायचं. एलिसेओला सोमवारी नाही तर महिन्यानं पांढरी साय दिसायची. तो म्हणायचा उतार चुकला असणार. नळी घेऊन पुन्हा मोजायचा. मधला पाईप त्यानं उकरून काढून नव्यानं टाकला. मग तिन्ही उकरले. मग म्हणाला खडी बारीक होती, आणि नदीतून गोण्या भरभरून जाड खडी आणली. फेब्रुवारीत तो धुवायचा, माझ्याकडून तांबडं पाणी घेऊन. मार्चपासून त्या खारवायच्या, माझ्याकडून चरातलं पाणी घेऊन. ऑगस्टमध्ये त्या कोपऱ्यात पेरायच्या आणि दहातले पाच-सहा उगवायचे, म्हणजे बाईंच्या हिशेबी फार जास्त आणि एलिसेओच्या हिशेबी फार कमी.

लोकांना आयतं खाद्य मिळालं. दुकानात, मैदानावर, मे महिन्यात डोंगरावरचा क्रूस सजवून खाली आणतात त्या मिरवणुकीतसुद्धा, इंजिनियर साहेब, तुमच्या पाईपातून मीठ बाहेर जातं की आत येतं, असं विचारायचे. सुरुवातीला तो हसायचा. मग हसणं थांबलं. घरात नेलिदाशी बारीकसारीक गोष्टींवरून वाजायला लागलं. नेलिदानं एकदा मला पाटावर गाठून विचारलं, की काका, ह्याला खरंच काम येत नाही का हो? मी म्हणालो, जमीन आहे, सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी त्यानं रविवारचं मैदान सोडलं. खेळात मन लागत नाही म्हणाला. त्या रविवारी जेवण झाल्यावर तो पाठीवर नवा पाईप घेऊन कोपऱ्याकडे आला, तेव्हा त्याची सासू चिखलात गुडघे टेकून पाईपाच्या तोंडात चिंधी कोंबत होती आणि मी चराची फळी हातात धरून उभा होतो.

त्यानं पाईप खाली ठेवला. बाईंनी उठायचा प्रयत्न केला, पण त्यांचा पाय घसरला. त्यानं पुढे होऊन त्यांना उठवलं, आणि तसंच हाताला धरून ठेवलं.

"दोन वर्षं मी माझ्या हातांना शिव्या घालतोय," तो म्हणाला.

मग बाई बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. आत्याचं सांगितलं, आटलेल्या नदीचं सांगितलं, ओंजळी वाटल्या ते आणि त्या वाया गेल्या ते. म्हणाल्या, "जमीन तू चांगलीच केली होतीस. इतकी चांगली ती माझ्या जन्मात नव्हती. मला वाईट हवी होती, आणि हे तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही." एलिसेओ ऐकत होता. मध्येच त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

त्या आठवड्यात तो आरिकाला गेला. नेलिदाच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळेचं सगळं परत आलं. बाई दारात बसायच्या, कुणी बोलावलं तरी उठायच्या नाहीत. मला वाटलं हाही गेला. अकराव्या दिवशी तो भाजीच्या ट्रकमधून उतरला. कुठे होता ते त्यानं सांगितलं नाही. नेलिदानं विचारलंही नाही, जेवायला वाढलं.

तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः जाऊन पाईपांच्या तोंडातली चिंधी काढली आणि चरात फेकून दिली. मला निरोप आला, की चरातलं पाणी पुन्हा द्यायचं नाही, फेब्रुवारीत मात्र त्या कोपऱ्याला पाळी पुरी द्यायची. एलिसेओ म्हणाला पाईप मी बुजवतो, तुम्ही कोपरा ठेवा. बाई म्हणाल्या, "बुजवलास तर बघ." त्यावर बोलणं संपलं. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात सगळ्या खोऱ्यात नव्हता असा मका आला, आणि इंजिनियर हे नाव लोक वेगळ्या सुरात घ्यायला लागले.

बियाण्याचं बाईंनी असं केलं. आढ्याची सगळी कणसं उतरवून, सोलून, दाणे बारा घरांत वाटले. प्रत्येकाला सांगितलं, जिथे तुमच्या शेळ्या बांधलेल्या आहेत तिथे पेरा, आणि त्यातूनच बी धरा. बाई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या, कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाटावरून रोज जातो, मला दिसतं. बारांपैकी चौघांनी वाईट जागेत पेरलं. पुढच्या वर्षी दोघांनी. आता त्या बारांतलं कुणी पेरत नाही. शेळ्यांना बांधायला जागा लागते.

एलिसेओला पेरायला वाईट जागाच राहिली नव्हती. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की तुमचा नदीकडचा पट्टा मला वाट्यानं द्या. मी म्हणालो, तसाच घे. तो म्हणाला, तसा नको, वाट्यानं. मेव्हण्याच्या ट्रकची बॉडी त्यानंच दोन माणसं आणून ओढून काढली. पट्टा त्यानं धुतला नाही, चर खणला नाही. नळी घरी ठेवून आला. बाईंचं बी त्यानं वाईट जागेत पेरणाऱ्या त्या दोघांकडून मागून आणलं. बोटानं एकेक दाणा टोचत गेला.

गेल्या जानेवारीत तिथे कणसं धरली. बाई पेटीवर बसून होत्या, आता चालवत नाही. तो कणसं आणून त्यांच्या मांडीवर टाकायचा आणि त्या निम्मी बाजूला फेकायच्या. ही खाऊन टाका, म्हणायच्या. प्रत्येक वेळी का फेकलं ते तो विचारायचा, आणि आश्चर्य म्हणजे बाई सांगायच्या. उन्हं वाढल्यावर नेलिदा येऊन त्यांना घरी घेऊन गेली. उरलेली एकवीस कणसं तो दोरीत ओवत बसला. माझ्या वाट्याची घ्यायची म्हणून मी उभा होतो.

मी म्हणालो, बरं झालं, सासू-जावयाचं जुळलं. मनात राग धरला नाहीस.

"त्यांना कारण होतं," तो म्हणाला. दोरीची गाठ मारली. "तुमचं काय होतं?"

मी म्हणालो, पाणी ज्यानं मागितलं त्याला मी दिलं. त्यालाही दिलं, त्यांनाही दिलं. माझ्याकडून कुणाची पाळी चुकली नाही.

"पाळीचं नाही विचारत मी," तो म्हणाला, आणि माझ्या वाट्याची पाच कणसं माझ्यापुढे ठेवून निघून गेला.

मी ती कणसं उचलली. राग यायला हवा होता, पण लाजच वाटली, आणि ती अजून वाटते. त्या दोन वर्षांत आठवड्यातून दोनदा मी त्याच्या बांधावरून गेलो होतो. उकरलेल्या पाईपापाशी तो मातीत हात घालून बसलेला असायचा. तो मला नमस्कार करायचा, मी त्याला करायचो, आणि एकदाही थांबलो नाही.